काऊबॉयच्या बायकोचा झगा

आसावरीमावशी काय काम करते हे नव्या माणसाला सांगून पटत नाही. शुगर लँडमधले आमच्या ओळखीचे सगळे काका तेलाच्या कंपन्यांमध्ये, आणि मावश्या हॉस्पिटलात नाहीतर कॉम्प्युटरवर. त्यामुळे गणपतीला कुणी नवीन आलं की प्रश्न ठरलेला असतो, "आणि तुम्ही? आयटी?" मावशी पदर दोनदा सारखा करते, घसा साफ करते आणि जमिनीकडे बघत सांगते, "मी घोडे रंगवते."

"अरे वा, पेंटिंग?"

"नाही. हलणारे."

मग तिचे मिस्टर, देवदत्तकाका, मदतीला धावतात. काकांचं प्रत्येक वाक्य 'समजा'पासून सुरू होतं. "समजा, सत्तर वर्षांपूर्वीचा एक काऊबॉयचा पिक्चर आहे. समजा, तो पाच-सहा दिवसांत, चार घोडे आणि एका डोंगरावर उरकलेला आहे. आता त्याला कुणी मालक उरला नाही. म्हणजे समजा, तुम्ही उचलला तरी चालतो. तर हिची कंपनी तो उचलते, कापून लहान करते, ही त्याला रंग देते, वर नवीन गिटार आणि टापांचा आवाज. दोन पिक्चर एका डिस्कवर. गॅस स्टेशनला च्युइंगगमच्या शेजारी असतात बघा."

नवा माणूस "बघितल्यात बघितल्यात" म्हणतो आणि बटाटेवड्याकडे वळतो.

२००४ च्या जुलैमध्ये मी पंधरा वर्षांची होते. आई-बाबा दोघंही नोकरीवर, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत मला शेजारच्या देवदत्तकाकांच्या ताब्यात दिलं होतं. काका दिवसभर घरी असायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांची कंपनी बुडाली, त्यांचा व्हिसा गेला आणि ते मावशीच्या व्हिसावर आले. कागदोपत्री ते मावशीवर अवलंबून. त्यांना स्वतःला नोकरी करायची परवानगी नाही. ते सकाळी मावशीला ऑफिसात सोडायचे, दुपारी डबा पोचवायचे, संध्याकाळी आणायला जायचे. मावशीला लायसन्स आहे, पण ट्रक शेजारून गेला की ती स्टिअरिंग सोडून कान झाकते.

मावशीची काळजी करायची पद्धत अगदी व्यवस्थित आहे. घरातून निघताना ती गॅस तीनदा बघते, इथे गॅस नाही, इलेक्ट्रिक शेगडी आहे, तरी. पासपोर्ट आणि व्हिसाचे सगळे कागद ती पाच लिटरच्या प्रेशर कुकरमध्ये ठेवते. घराला आग लागली तर कुकर टिकतो, असं तिला कुणीतरी सांगितलंय. काका म्हणतात, "समजा, आग लागली, तर कागद शिजतील गं." ती म्हणते, "शिजू देत. जळणार तर नाहीत."

हे घोडे रंगवायचं काम तिच्याकडे आलं ते बार्शीहून. तिचे वडील चंद्रशेखर, सगळे त्यांना अप्पा म्हणत, त्यांचा तिथे फोटो स्टुडिओ होता. रंगीत रोल महाग असायचे तेव्हा लोक काळा-पांढरा फोटो आणून द्यायचे आणि अप्पा त्यावर हाताने रंग चढवायचे. काडीला कापूस गुंडाळून गालावर गुलाबी, बारीक ब्रशने काठावर जर. काउंटरवर फोटो आला की अप्पा पहिला प्रश्न एकच विचारत. मावशी तो त्यांच्या आवाजात सांगते, खर्जात, चष्म्यावरून बघत:

"आहेत की गेले?"

कारण त्यावर रंग ठरायचे. असलेल्या माणसाचे गाल वेगळे, गेलेल्याचे वेगळे. दुसरा प्रश्न बाईचा फोटो असेल तर. यजमान आहेत की गेले? असतील तर हिरवं नाहीतर लाल लुगडं, कुंकू ठसठशीत. गेले असतील तर लुगड्याला हात लावायचा नाही. कॅमेऱ्यानं जे करडं दिलं ते तसंच राहू द्यायचं.

मावशी इथे आल्यावर ह्यूस्टनच्या कॉलेजात कॉम्प्युटर ग्राफिक्स शिकली, पण वही अप्पांचीच. प्रत्येक पिक्चर ती आधी तीनदा बघते आणि दोनशे पानी वहीत नाती लिहिते: हा हिचा भाऊ, हा शेरीफ, हा वाईट, पण आईवर जीव आहे. मग शेवटच्या रकान्यात, आहे की गेला, आणि गेला तर कितव्या मिनिटाला. त्यानंतर रंग. पहिल्या चित्रात ती प्रत्येक वस्तूची कड आखून रंग भरते, पुढची चित्रं कॉम्प्युटर तिचं बघून भरत जातो. तो चुकतोच. घोडा पळाला की त्याचा तपकिरी रंग आभाळात सांडतो. मग मावशी एकेक चित्र थांबवून आभाळ पुसते.

तिच्या बॉसचं नाव वेड. साठीचा, उंच, घरातसुद्धा बूट घालणारा. स्टॅफर्डला टायरच्या दुकानामागे तीन खोल्या, दोन कॉम्प्युटर आणि एक आइस टीचं मशीन, ही त्याची कंपनी. वेड साध्या 'वेल'लासुद्धा तीन मजले बांधतो, "वे-अ-अल," आणि वाक्य संपेपर्यंत आपला आइस टी संपतो. मावशीला तो 'मिस आसा' म्हणतो. पिक्चर कापायचा त्याचा नियम एका ओळीचा आहे: बोलणं काढा, घोडे ठेवा.

तर जुलैमध्ये काय होतं, की ग्रीन कार्डाचा पहिला कागद वकिलानं वेडकडे पाठवला होता. ही बाई मला हवी आहे, हिच्यासारखं काम करणारं दुसरं कुणी मिळत नाही, असं मालकानं लिहून सही करायची. त्या सहीनंतर मावशी-काका रांगेत लागणार, आणि कार्ड हातात आलं की काकांना नोकरी करता येणार. तपकिरी लखोटा वेडच्या टेबलावर तीन आठवडे पडून होता. काका डबा द्यायला जायचे ते लखोटा बघायलाच. गाडीत येऊन मला रिपोर्ट द्यायचे, "आज वर स्टेपलर आहे. म्हणजे समजा, हलवलाय कुणीतरी."

वेडचं म्हणणं साधं होतं. ट्रक स्टॉपच्या एका मोठ्या साखळीनं त्याला पहिल्यांदा मोठी ऑर्डर दिली होती. डिस्क शुक्रवारी चार वाजता कुरियरनं गेली पाहिजे. गेली, तर कंपनी तरते आणि तो त्याच दिवशी सही करतो. नाही गेली, तर तो सही करून काय उपयोग, कंपनीच राहणार नाही. हे त्यानं अगदी प्रेमानं सांगितलं होतं. मावशीनं त्या रात्रीपासून झोप सोडली आणि काकांनी साखर.

सोमवारी संध्याकाळी मावशी नुसत्या पाठलागाची डिस्क घेऊन घरी आली. एरवी आधी वेड कापतो, मग मावशी रंगवते. रंगाची मेहनत वाया जात नाही. या वेळी उलटं झालं होतं. मावशीनं सगळा पिक्चर रंगवून ठेवला आणि मग ट्रक स्टॉपवाल्यांचा फोन आला, की आणखी दहा मिनिटं कमी करा आणि पाठलाग वाढवा. वेडचा कॉम्प्युटर इतका जुना की रंगीत पिक्चर त्यावर अडखळतो, म्हणून त्यानं काळ्या-पांढऱ्या कॉपीवर कापाकापी केली आणि त्याच मापानं रंगीत तुकडे जोडून दिले. रंगीत झालेलं त्यानं स्वतः बघितलंच नव्हतं. आभाळात कुठे घोडा सांडलाय का एवढं बघून ठेव, म्हणाला.

आम्ही तिघं बघायला बसलो. मी कार्पेटवर, काका बिनसाखरेचा चहा घेऊन, मावशी टीव्हीपासून दोन फुटांवर वही उघडून.

गोष्ट अशी: एक बाई आहे, तिचं कुरण आहे, वाईट लोकांना ते कुरण हवंय. नायक येतो. पाठलाग होतो. बाई घोडागाडीत उभी राहून लगाम खेचतेय, मागे धूळ. तिचा झगा हिरवागार. पुढच्या क्षणी तो करडा. मग हिरवा. दोनदा करडा. पुन्हा हिरवा. मंडळाच्या हॉलवरची दिव्यांची माळ तशी ती बाई लुकलुकत होती.

काकांनी कप खाली ठेवला. "समजा... टीव्ही बिघडलाय."

"टीव्ही नाही," मावशी म्हणाली. तिचा आवाज शिट्टी अडकल्यासारखा झाला होता.

मावशीनं ते बाईचे शॉट दोन प्रकारे रंगवले होते. बाईचा नवरा मूळ पिक्चरच्या तेराव्या मिनिटाला गोळी लागून जातो. त्याच्या आधी झगा हिरवा. त्याच्यानंतर मावशीनं झग्याला रंगच दिला नव्हता. आणि वेडनं पाठलाग लांबवायला सुरुवातीचे घोडागाडीचे शॉट उचलून शेवटाकडच्या पाठलागात मधेमधे पेरले होते. काळ्या-पांढऱ्यात कुणाला कळलंही नसतं.

मी म्हटलं, "पण मावशी, तो झगा तोच आहे ना? कॉलरची लेस बघ, सेम."

"तोच कसा असेल?"

"बटणं पण सेम."

"अगं, नवरा गेल्यावर कुणी तोच घालतं का?" ती म्हणाली, आणि मग टीव्हीकडे बघत बसली. तिनं मागे नेऊन दोन चित्रं थांबवून बघितली. लेसला डाव्या बाजूला एक टाका उसवलेला होता. दोन्हीकडे.

"एकच होता तिच्याकडे," मावशी म्हणाली.

पुढचा तास काकांचा होता. समजा सांगितलं नाही तर. समजा ट्रक ड्रायव्हर लोकांचं लक्षच नाही गेलं. समजा त्यांचं गेलं आणि सगळ्या डिस्क परत आल्या. समजा उद्या सांगितलं आणि वेड म्हणाला, मिस आसा, तुम्हाला साधा एक झगा एका रंगात रंगवता येत नाही, मग तुमच्यासारखं दुसरं कुणी मिळत नाही असं मी सरकारला कसं लिहू.

हा शेवटचा समजा बोलून काका स्वतःच घाबरले.

मावशीनं वहीत मोजलं. हिरवे सत्तर, बिनरंगाचे एकशे एकतीस. "मी सांगते," ती म्हणाली. "उद्या सकाळी. त्यानं दुसरीकडून ऐकायला नको."

मंगळवारी काका गाडीत बसून राहिले नाहीत, आत आले, म्हणून मीही आले. आम्ही आइस टीच्या मशीनपाशी उभे राहिलो, काहीतरी पीत असल्यासारखे. मावशीनं वेडला पाठलाग दाखवला. तो बघून झाल्यावर त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"वे-अ-अल."

मावशी उभीच.

"मिस आसा, हा अख्खा पिक्चर सहा दिवसांत काढलाय. त्या मुलीकडे एकच झगा होता. घोड्याकडे दोन खोगिरं होती. तुम्ही तिला दुसरा कुठून आणलात?"

मावशीनं घसा साफ केला आणि सांगितलं. अप्पांचं काउंटर, आहेत की गेले, सगळं. तिचं इंग्रजी घाबरल्यावर फार शुद्ध होतं, बँकेच्या पत्रासारखं. "सर, आमच्याकडे पती निधन पावल्यावर स्त्री हिरवा रंग वापरत नाही. म्हणजे आता वापरतात. माझी आई वापरत नाही."

वेडनं तिच्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. "पती? कुठला पती?"

"तेराव्या मिनिटाला..."

"ओह. तो." वेडनं हात झटकला. "तो मी काढला. चार मिनिटं बोलतो, मग मरतो. दोन्हीत घोडा नाही. माझ्या पिक्चरमध्ये ती एक मुलगी आहे, तिचं कुरण आहे. तिचं लग्नच झालेलं नाही."

मावशीला हे कळायला वेळ लागला. मला वाटतं तिच्या वहीत अशा माणसासाठी रकानाच नव्हता.

"डिस्कच्या बॉक्सवर झगा हिरवा छापून आलाय," वेड म्हणाला. "तेव्हा हिरवा. सगळीकडे. शुक्रवारी दुपारपर्यंत होईल?"

"होईल, सर."

"मग ठीक." त्यानं टोपी डोक्यावर ठेवली आणि लखोट्यावरचा स्टेपलर उचलून दुसरीकडे नेला. काकांनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

परतताना गाडीत काका हलके झाले होते. "बघ, सुटलं. समजा लग्नच झालं नाही, तर नवरा मेला कसा? आणि नवराच नाही, तर हिरव्याला हरकत काय?" हे त्यांनी संध्याकाळी मावशीलाही दोनदा समजावलं. मावशी मान डोलवत होती, आणि जेवताना भाताच्या कडेनं बोटानं रेघ ओढत होती, कड आखल्यासारखी.

बुधवारी तिचे छप्पन्न शॉट झाले. झग्याची कड आधीच आखलेली होती, म्हणून नुसता रंग भरायचा, पण करड्यावर हिरवा टाकला की तो बाईच्या हातांवर सांडायचा. पालक निवडल्यासारखे हात दिसायचे. ते पुसायचे. गुरुवारी दुपारी कॉम्प्युटर अडकला आणि अकरा शॉट गेले. आम्ही डबा घेऊन गेलो तेव्हा मावशी खुर्चीत ताठ बसली होती, हात मांडीवर, आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत पडद्यावरच्या रेघेकडे बघत होती. काकांनी डबा उघडला. तिनं पोळीचा एक तुकडा मोडला आणि हातातच ठेवला.

"किती राहिले?" काकांनी विचारलं.

"चव्वेचाळीस."

"होतील?"

"बोलू नका ना जरा."

त्या दिवशी रात्री आठ वाजता वेडनंच तिला घरी आणून सोडलं. सकाळी पुन्हा सहाला गेली, आम्हीच सोडलं, आणि काका घरी येऊन सोफ्यावर बसून राहिले. टीव्ही नाही, पेपर नाही. मी त्यांना पत्ते खेळायला बोलावलं तर म्हणाले, "समजा हरलो तर," आणि खेळले नाहीत.

शुक्रवारी अकराला मावशीचा फोन आला. वेड दोन वाजता सगळा पिक्चर शेवटचा बघणार, तुम्ही दोघं पण या म्हणतोय, त्याला प्रेक्षक लागतात. काका शर्ट बदलून निघाले. आम्ही पोचलो तेव्हा मावशी बाहेर टायरच्या ढिगापाशी उन्हात उभी होती. पदर नव्हता, कुर्ता होता, पण हात खांद्याकडे जात होता.

"झालं सगळं?" काका खिडकीची काच खाली करत म्हणाले.

"एक राहिलंय."

काकांनी घड्याळ बघितलं. "अजून वेळ आहे. एक तर आहे. जा, कर, आम्ही थांबतो."

मावशी जागची हलली नाही. काका तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी इंजिन बंद केलं. एसी बंद पडला आणि गाडी लगेच तापायला लागली.

"राहिलंय की ठेवलंय?"

"ठेवलंय," मावशी म्हणाली.

तो शॉट असा होता. नवऱ्याचं मरण वेडनं काढलं होतं, पण त्यानंतरची एक जागा काढली नव्हती. झाडाखाली दगडांचा ढीग, त्यावर लाकडाचा क्रूस, क्रूसावर पुरुषाची टोपी. शेजारी बाई उभी. मागून पांढरा घोडा येतो आणि तिच्या खांद्यावर मान ठेवतो. घोडा फार छान आहे, म्हणून वेडनं तो ठेवला. चार सेकंद.

"आसावरी, त्यानं सांगितलंय सगळीकडे हिरवा."

"हो."

"त्याच्या पिक्चरमध्ये तिचं लग्नच झालं नाहीये."

"पण ढीग आहे ना तिथे."

"कुणालाही कळणार नाही तो कुणाचा आहे."

"मला माहिती आहे ना कुणाचा आहे," ती म्हणाली. "मी तीनदा रंग टाकला. टाकला आणि काढला. हातच नाही जात. अप्पांनी नसता टाकला."

काका खूप हळू बोलले, आणि 'समजा' विसरून बोलले. "त्या लखोट्यावर आपल्या दोघांचं आहे सगळं. मी दोन वर्षं डबे पोचवतोय."

"मला माहिती आहे."

"मग?"

दारातून वेडनं हाक मारली. पॉपकॉर्न तयार होते.

आत चार खुर्च्या मांडल्या होत्या. वेडनं दिवा घालवला. पिक्चर सुरू झाला आणि खरंच चांगला होता. आभाळ एकसारखं निळं, घोडे घोड्यांच्याच रंगाचे. पाठलागात बाई पहिल्यापासून शेवटपर्यंत हिरवी. वेड गुडघ्यावर टापांचा ठेका धरत होता. मावशी टोकाला बसली होती आणि काका तिच्या शेजारी, आणि काकांच्या हातातला पॉपकॉर्नचा कागदी कप मधूनच कुरकुरत होता. एकतिसाव्या मिनिटाला ढीग येतो, हे आम्हा तिघांनाही पाठ होतं. एकोणतीस झाली. 

झाड आलं. क्रूस, टोपी. सगळं रंगीत, पानं, दगड, आणि मधे ती बाई, जशी सत्तर वर्षांपूर्वी कॅमेऱ्यात शिरली तशी, करडी. पांढरा घोडा आला, त्यानं मान ठेवली. गेलं. पुढचा शॉट.

वेडचा ठेका थांबला.

त्यानं पिक्चर मागे नेला. पुन्हा बघितला. मग तिथेच थांबवला, घोड्याची मान अर्धी खाली.

"मिस आसा. हा चुकून राहिला?"

इथे 'हो सर' म्हटलं की झालं होतं. दोन मिनिटांत तिनं तो हिरवा केला असता, तीन वाजता डिस्क तयार. काकांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, समोर बघत राहिले.

"नाही, सर," मावशी म्हणाली.

"वे-अ-अल." त्यानं थांबलेल्या चित्रावर बोट ठेवलं. "ढिगाखाली कोण आहे?"

"तिचा पती."

"तो मी काढला."

"हो, सर. पण तो तिथे आहे."

वेडनं पडद्याकडे बघितलं. मग तो पुढे झुकला, चष्मा लावला, आणि की-बोर्डवर दोन बोटांनी काहीतरी केलं. झाडाच्या आधीचा शॉट आला, आणि त्याला चिकटून झाडाच्या नंतरचा. बाई कुरणातून निघाली आणि सरळ गावात आली.

"जागा बरी जुळली," तो म्हणाला. "घोड्याचं वाईट वाटतं." मावशीवर तो रागावला नव्हता. रागावल्यासारखा एकही शब्द नव्हता त्यात. त्याचा प्रश्न सुटला होता, एवढंच. "टापांचा ट्रॅक चार सेकंद सरकला असेल, तेवढा बघून घ्या."

मावशीनं ट्रॅक जुळवला. तिचे हात अगदी स्थिर होते, मी बघत होते. पावणेचारला डिस्क पाकिटात गेली, चारला पाच कमी असताना कुरियरवाला आला. त्यानंतर वेडनं खुर्ची ओढली, लखोटा फोडला, आणि वकिलानं पिवळे कागद चिकटवले होते तिथे तिथे सही केली. सात सह्या. प्रत्येक सहीला तो तोंडातल्या तोंडात स्वतःचं पूर्ण नाव म्हणत होता. एका जागी लिहिलं होतं, या कामासाठी हिच्यासारखी दुसरी व्यक्ती उपलब्ध नाही. ते त्यानं मोठ्यानं वाचलं, म्हणाला, "हे तर खरंच आहे," आणि सही केली.

आम्ही गाडीत बसलो. मर्फी रोडच्या सिग्नलला काका बोलायला लागले आणि मग थांबेनात. समजा या वर्षी पहिला कागद झाला. समजा पुढच्या वर्षी दुसरा. समजा तीन वर्षांत कार्ड आलं, म्हणजे २००७, समजा २००८, तर ते पन्नासचे होतील, पन्नासाव्या वर्षी लोक घेतात कामावर, का नाही घेणार. आज बाहेर जेवू. तुला काय हवंय गं, पिझ्झा? मी हो म्हटलं. मावशी मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसली होती, खिडकीकडे तोंड करून. सह्या झालेल्या कागदांची फोटोकॉपी तिच्या मांडीवर होती आणि तिनं ती दोन्ही हातांनी धरली होती.

"आसावरी, अगं हस की. सुटलो आपण."

"हो," ती म्हणाली.

सिग्नल पडला. एक मोठा ट्रक अगदी शेजारून गेला आणि तिनं कान झाकले नाहीत.

"मी हिरवा दिला असता," ती म्हणाली, "तर राहिली असती ती तिथे उभी."

काकांनी आरशातून तिच्याकडे बघितलं. "चार सेकंदं होती गं ती."

"होती ना," मावशी म्हणाली. मग तिनं कागद घडी न करता पर्समध्ये ठेवले, चेन लावली, उघडून एकदा बघितले आणि पुन्हा लावली.